शंभरावी चूल

लिंडनबाख, हेर्मानश्टाटजवळ, ट्रान्सिल्व्हेनिया
३ मार्च १७८२

प्रिय उर्बान,

तू जिवंत असशील तर हे पत्र तुझ्यासाठी आहे. नसशील तर ज्याच्या हाती पडेल त्यानं ते चुलीत घालावं, उगाच चारचौघांत वाचत बसू नये.

मी रोझीना, तुझी बहीण. तू नऊ वर्षांचा होतास आणि कॅथलिक मिशनवाल्यांनी तुला ओट्यावरून उचलून नेलं. मी तुझा पाय धरला होता, पण हातात नुसता बूट राहिला. पुढे तीन आठवड्यांनी आम्हा तिघांना गाडीत घातलं, मग होडीत, आणि डॅन्यूबवरून खाली खाली आणत या मुलखात सोडून दिलं. घरात लुथरचं पुस्तक सापडलं, एवढाच गुन्हा. सत्तावीस वर्षं झाली त्याला. बाबा पहिल्याच हिवाळ्यात तापानं गेले. आई आहे. बहात्तर वर्षांची झाली, डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण शेजारणीनं भांडं आपटलं तर कुठलं भांडं ते घरात बसून सांगते. माझं लग्न झालं, तीन मुलं आहेत. नवरा सुतार आहे आणि फार कमी बोलतो, त्यामुळे संसार बरा चालला आहे.

इथे आम्हाला कुणी अडवत नाही. इथले जुने लोक आपल्याच पंथाचे. पण आता बादशहानं तुमच्याकडेही कायदा केला म्हणे. एका भागातली शंभर घरं, नाहीतर पाचशे माणसं, पुढे येऊन 'आम्ही लुथरवाले' असं सांगतील तर त्यांना स्वतःचं प्रार्थनाघर बांधता येईल. मनोरा नको, घंटा नको आणि रस्त्याकडे दार नको. म्हणजे देव आला तर त्यानं मागून, गोठ्याच्या बाजूनं यायचं. असो, त्याला गोठ्याची सवय आहे.

हा कायदा आईनं मला सात वेळा वाचायला लावला. सातव्यांदा वाचून झाल्यावर म्हणाली, "उर्बाननं नाव लिहिलं का, विचार." मी म्हटलं, अगं तो आहे की नाही तेच माहीत नाही. तर म्हणते, "आहे. तू विचार."

म्हणून विचारते आहे.

तुझी,
रोझीना


सांक्ट कोलमान, कॅरिंथिया
२६ एप्रिल १७८२

येशू ख्रिस्ताची स्तुती असो.

ताई,

तुझं पत्र घेऊन मी देवळामागच्या कुंपणाशी बराच वेळ उभा होतो. उघडायचं धैर्य होईना. वाचलं तेव्हा आधी बाबांची ओळ दिसली. ते गेले असतील असं मी धरूनच चाललो होतो, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. आई आहे, यावर मात्र अजून विश्वास बसत नाही.

मी गावातच आहे. आपलं घर तेव्हाच दुसऱ्यांना देऊन टाकलं. मी वर, देवळाच्या शेजारी राहतो. काम लिहिण्यावाचण्याचं आहे. गावातले जन्म, लग्नं, मृत्यू यांच्या नोंदी माझ्याकडे असतात. लोकांची पत्रंही मीच वाचून दाखवतो, म्हणून तुझं पत्र सरळ माझ्या हाती आलं. लग्न केलं नाही. स्वयंपाक करून द्यायला एक म्हातारी येते, ती प्रत्येक गोष्टीत जिरं घालते.

कायदा इथे पोहोचला आहे. खाणावळीच्या वरच्या खोलीत टेबल मांडलं आहे. सरकारी अधिकारी, एक लेखनिक आणि गावचा पाद्री असे तिघं बसतात. घराच्या कर्त्या माणसानं एकट्यानं आत जायचं. काय मानतोस, कुणी शिकवलं, का सोडतोस, असं विचारतात आणि नाव लिहून घेतात. पहिल्या महिन्यात अकराच घरं आली. लोकांना वाटतं, हा सापळा आहे. आधी नावं गोळा करतील आणि मग गाड्या आणतील. त्यांना तसं वाटलं तर त्यात त्यांची चूक काय?

आईला माझा नमस्कार सांग. ती काय जेवते, कुठे बसते, तिच्या खोलीत ऊन येतं का, सगळं लिही.

तुझा,
उर्बान


लिंडनबाख
९ जून १७८२

अरे उर्बान,

पत्र आलं त्या दिवशी आईनं दुपारचं जेवण सोडलं आणि संध्याकाळी दोघांचं जेवली. खोलीत ऊन येतं, सकाळी. ती दारातल्या बाकावर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, "माझ्या मुलाचं पत्र आलं," म्हणून सांगते. आता सगळे लांबच्या रस्त्यानं जायला लागले आहेत.

छत्तीस वर्षांचा घोडा झालास आणि लग्न केलं नाहीस? तिकडच्या पोरी संपल्या का? आई म्हणते, जिला करंज्यांना मुरड घालता येईल अशी एखादी बघ. मी म्हटलं, अगं, त्याला देवळातली कारकुनी, त्याला कोण देतं पोरगी.

एक सांगते, रागावू नकोस. पत्राच्या डोक्यावर तू तो कॅथलिक नमस्कार घातलास, तो मी आईला वाचून दाखवला नाही. आठवतं ना, रस्त्यात पाद्र्याला तेवढे चार शब्द म्हटले नाहीत म्हणून बाबांना चावडीपुढे फटके मारले होते? आपल्या घरातलं कुणी ते शब्द उच्चारत नाही, मेलं तरी. मला कळतं रे, तू भीतीनं लिहितोस. देवळाच्या दारात राहायचं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर कसं करणार? पण आता बादशहाच सांगतो आहे की भिऊ नका. तेव्हा पुढच्या पत्रात नको ते.

आणि तो तुमचा पाद्री कसा आहे? टेबलाशी बसतो तो? ढेरपोट्या असणार. लोकांची नावं लिहिताना त्याच्या पोटात गोळा येत असेल, नाही?

आता मुद्द्याचं. तू नाव लिहिलंस की नाही, याचं उत्तर दिलंच नाहीस. आईनं तीनदा विचारलं. मी सांगितलं, "लिहितो म्हणाला." खोटं बोलले मी. ते खरं करायचं काम तुझं.

ताई


सांक्ट कोलमान
१४ ऑक्टोबर १७८२

येशू ख्रिस्ताची स्तुती असो.

ताई,

उत्तराला उशीर झाला. उन्हाळाभर माणसांची रीघ लागली होती. गाड्या आल्या नाहीत, कुणाला नेलं नाही, असं दिसल्यावर लोक वरच्या वाड्यांवरून उतरून यायला लागले. मी सगळं जवळून पाहिलं. वरच्या वाडीचा एक म्हातारा आला. अधिकाऱ्यानं विचारलं, काय मानतोस? म्हणाला, "पुस्तकात लिहिलंय ते." पुस्तक कुठे आहे? तर म्हणाला, "साहेब, तीस वर्षांपूर्वी पुरलं, आता जागा आठवत नाही. पण मानतो मी तेच." लेखनिकाला हसू आवरेना. म्हातारा मात्र रडत होता.

काल संध्याकाळपर्यंत नव्याण्णव घरं झाली. माणसं चारशे एकाहत्तर, म्हणजे त्या वाटेनंही पाचशे भरत नाहीत. जागा ठरली आहे, लाकूड कुणी द्यायचं ते ठरलं आहे, प्रवचनकारासाठी पत्रही गेलं आहे. पण कायद्यात शंभर लिहिलं आहे. एक वेगळी चूल म्हणजे एक घर, असा हिशेब. इथल्या वरिष्ठ धर्मगुरूंनी बजावून सांगितलं आहे की नव्याण्णव म्हणजे शंभर नव्हेत. वर्ष संपताना उघडी नोंदणी बंद होणार, असंही कानावर आहे.

राहिलेलं घर कोर्दुला एब्नरचं. विधवा आहे, सासूला घेऊन वरच्या उतारावर राहते. ती मनानं कुठली आहे हे सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. पण ती खाली यायला तयार नाही. शेजारी समजावून थकले.

पाद्र्याविषयी विचारलंस. तो ढेरपोट्या नाही. बाकी कसा आहे ते मला सांगता येणार नाही. लोक त्याच्यासमोर त्याच्याबद्दल काही बोलत नाहीत.

आईला थंडी सोसते का?

उर्बान


लिंडनबाख
२४ नोव्हेंबर १७८२

उर्बान,

तुला मोजता येत नाही का रे? जन्ममृत्यू लिहितोस आणि एवढं लक्षात येत नाही?

तू वेगळा राहतोस. तुझ्या घरात वेगळी चूल आहे, जिऱ्याची का होईना. म्हणजे शंभरावा तूच! अख्खं खोरं एका माणसासाठी अडलं आहे आणि तो माणूस शेजारी उभा राहून मला माणसांचे आकडे कळवतो आहे. हे मी आईला वाचून दाखवलं तेव्हा तिच्याही लगेच लक्षात आलं. तिनं असे हात जोडले आणि हसली. ती अशी हसलेली मी इथे आल्यापासून पाहिली नव्हती. आता बाकावर बसून सांगते, "माझा मुलगा शंभरावा." मला त्या बाकाशेजारून जाववत नाही.

नोकरी जाईल म्हणून भितोस? जाऊ दे. इथे ये. माझा नवरा तुला रंधा धरायला शिकवेल, तोंडानं नाही, पण शिकवेल.

आणि कोर्दुला म्हणजे आपलीच ना, माझ्याबरोबर शेळ्या राखायची ती? ती घाबरते? अरे, लांडगा आला तेव्हा मी झाडावर आणि ती खाली दगड घेऊन उभी होती. तिला खाली यायला कुणाची भीती? काहीतरी आहे, जे तू लिहीत नाहीस.

वर्ष संपायच्या आत नाव लिही. तुझ्या पाया पडते. मी कधी कुणाच्या पडले नाही.

ताई


सांक्ट कोलमान
१२ जानेवारी १७८३

येशू ख्रिस्ताची स्तुती असो.

हे मी भीतीनं लिहीत नाही, ताई. मनापासून लिहितो, आणि वीस वर्षं असंच लिहितो आहे. गावचा पाद्री मीच आहे.

पहिल्या पत्रातच सांगायला हवं होतं. लेखणी हातात घेतली आणि वाटलं, एक पत्र तरी भाऊ म्हणून लिहू. मग दुसरं तसंच लिहिलं. तू पाद्र्याला नावं ठेवलीस ते वाचून मी हसलो, आणि मग मला माझीच लाज वाटली. देवळाजवळ राहतो, नोंदी ठेवतो, यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी सगळं मिळून ते खोटंच होतं.

मला घेऊन गेले त्यांनी मला मारलं नाही. खायला दिलं, लॅटिन शिकवलं. ताप चढला तेव्हा एक म्हातारे फादर तीन दिवस उशाशी बसून होते. त्यांचा द्वेष करता आला असता तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. पण मला त्यांची माया लागली. आणि ते जे मानत ते मी मानायला लागलो. आजही मानतो. नाव लिहिता येत नाही ते यामुळे. नोकरीचा प्रश्नच नाही. लिहिलं तर ते खोटं ठरेल, आणि आपल्या घरानं खोटी सही करायची नाही म्हणून तर एवढं सोसलं.

आता कोर्दुलाचं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

सन चौऱ्याहत्तर. मी नवा नवा पाद्री होतो, अठ्ठावीस वर्षांचा. झडतीच्या लोकांबरोबर मला एब्नरांच्या घरी पाठवलं. त्यांनी गवत उपसलं, पिठाची कोठी उलटी केली, पाळण्याखालची फळी उचकटली. काही सापडलं नाही. ते निघालेच होते. मी अंगणात उभा होतो. दक्षिणेच्या भिंतीशी मधमाश्यांच्या सात पेट्या होत्या. दुपारची वेळ, सहा पेट्यांच्या तोंडाशी माश्यांची ये-जा चालू होती. सातवीशी एकही नव्हती. आपल्या घरीही तशीच एक पेटी होती, आठवते? लहानपणी आईनं मला कडेवर घेऊन दाखवली होती. "जिथे माशी नाही तिथे देवाचं पुस्तक." शहरातून आलेल्या कुणालाही ते कळलं नसतं. मी गेलो आणि हात घातला.

तिच्या नवऱ्यावर, ब्लासिउसवर, आधीचे दोन ठपके होते. हा तिसरा. त्याला आधी धर्म शिकवण्याच्या कोठडीत ठेवलं, मग पलटणीत घातलं. वर्षाच्या आत टेमेश्वारच्या छावणीत तो तापानं गेला. झडतीच्या कागदावर त्याचं नाव मी लिहिलं होतं. पुस्तक मी जाळलं.

पेटीतून मी पुस्तक काढलं तेव्हा कोर्दुला दारात होती. ती ओरडली नाही. म्हणाली, "उर्बान, हे तुला तुझ्या आईनं शिकवलं." त्यानंतर आठ वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही. खाणावळीतल्या त्या खोलीत ती आली नाही, कारण टेबलाशी मी बसलो होतो.

नोंदणी बंद झाली. नव्याण्णवच राहिले. यापुढे कुणाला यायचं असेल तर नवा हुकूम असा की आधी सहा आठवडे पाद्र्याची शिकवणी घ्यायची आणि त्याचा दाखला आणायचा. म्हणजे तिला आता माझ्याच दारात यावं लागेल. ती येणार नाही, आणि मी तिच्या जागी असतो तर मीही आलो नसतो.

उर्बान


लिंडनबाख
२३ फेब्रुवारी १७८३

फादर,

आपलं पत्र पोहोचलं.

आपल्याला कसं लिहायचं असतं ते मला माहीत नाही. माझ्या नात्यात पाद्री नव्हता.

आईला सांगितलं की रस्ते बर्फानं बंद आहेत, पत्र आलं नाही. ती अजून बाकावर बसते. कोर्दुला जे बोलली ते मी आईला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. आपण आमचं पुस्तक मानत नाही हे मी एक वेळ गिळलं असतं. नऊ वर्षांच्या पोराला जे भरवलं ते त्याच्या अंगी लागलं, त्याचा काय दोष. पण तो हात! तो हात धरून आईनं ती पेटी दाखवली होती रे. तुला अक्षर यायच्या आधी तिनं तुला ती जागा दाखवली, कारण तिचा तुझ्यावर विश्वास होता. आणि तू त्या विश्वासानं दुसऱ्याचं घर शोधलंस.

मी चार दिवस जेवले नाही. तुला हे कळावं म्हणून लिहिते आहे.

हेर्मानश्टाटला जाऊन मी तो नवा हुकूम शाळामास्तरांकडून वाचून घेतला. शिकवणी पाद्र्यानं द्यावी असं त्यात आहे. कुणी कुणाच्या दारात जायचं, ते त्यात कुठेच नाही. दोनदा वाचायला लावलं, नाही सापडलं. चढ फार आहे का आपल्याला?

रोझीना


सांक्ट कोलमान
१७ जून १७८३

येशू ख्रिस्ताची स्तुती असो.

ताई,

चढ फार नाही. अर्ध्या तासाचा आहे. आठ वर्षं मला तो चढवला नव्हता.

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. कोर्दुला अंगणात होती. मी कुंपणाबाहेरूनच म्हटलं, "तुम्हाला नाव लिहायचं असेल तर तुम्ही येऊ नका, मी येत जाईन." ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मी परतलो. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर अंगणात एक तिपाई ठेवलेली होती. घरापासून लांब, पण कुंपणाच्या आत.

सहा आठवडे रोज जाऊन मी त्या तिपाईवर बसलो. पहिल्या आठवड्यात नेमून दिलेले पाठ म्हटले. संत, शुद्धिस्थान, पोपचा अधिकार. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. दुसऱ्या आठवड्यात माझं मलाच ऐकू यायला लागलं आणि मी मध्येच थांबलो. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. तिची सासू मात्र खिडकीतून म्हणाली, "संपलं का? कोंबड्या बिचाऱ्या कंटाळल्या." पुढे पावसाचे दिवस आले, तेव्हा तिपाई वळचणीखाली सरकली होती. एक दिवस मी आपल्याबद्दल सांगितलं, तुझी पत्रं, आईचा बाक, आई अजून आहे हे. ती करंज्यांना मुरड घालत होती. तिचे हात थांबले, आणि थोड्या वेळानं पुन्हा चालू झाले.

शेवटच्या आठवड्यात मी म्हटलं, "कोर्दुला, मी चुकलो. मला तेव्हाही कळत होतं." मी उत्तराची वाट पाहिली नाही, असं लिहिणार होतो. पण खोटं आता पुरे. वाट पाहिली. ती नाहीच बोलली.

शेवटच्या दिवशी दोन साक्षीदारांसमोर तिला तीनदा विचारायचं होतं, तुम्ही निश्चयावर ठाम आहात का? तिन्ही वेळा तिनं 'हो' म्हटलं. आठ वर्षांनी मी तिचा आवाज ऐकला. मग तिनं विचारलं, "चूल कुणाच्या नावानं लिहिता?"

मी म्हटलं, "घरातल्या कर्त्याच्या."

"मग ब्लासिउसचं लिहा."

"तो हयात नाही, कोर्दुला."

"मला सांगता? त्याचं नाव तुम्हाला लिहिता येतं. एकदा लिहिलंयत. आता इथे लिहा."

मी लिहिलं. 'ब्लासिउस एब्नर याचं घर, विधवा कोर्दुला.' ती उभी राहून अक्षर न् अक्षर बघत होती.

वरिष्ठांनी दाखला परत पाठवला. मेलेल्या माणसाची चूल कशी, शिकवणी देवळात का नाही झाली, बाईनं एक तरी प्रश्न विचारला का? 'शिकवणी अपुरी' असं लिहून पुन्हा सही कर, म्हणाले. मला सही करणं जमलं नाही. मी तोच दाखला सरळ जिल्ह्याच्या कचेरीत नेऊन दिला आणि सांगितलं की एवढी पुरी शिकवणी मी आजवर कुणाला दिलेली नाही. कचेरीतल्या माणसाला पंथाशी देणंघेणं नव्हतं, त्याला आकडा पुरा हवा होता. दोन जूनला मंजुरी आली. शंभर.

पाया खणायला सुरुवात झाली आहे. दार गोठ्याच्याच बाजूला येणार, तू म्हटलं होतंस तसं. मला त्या जागी पाऊल टाकायचा अधिकार नाही, लांबून बघतो. आनंद होतो. माझ्या देवळातून शंभर घरं गेली आणि मला आनंद होतो, हे मी कुणाला समजावून सांगू?

मला इथून हलवणार आहेत, शरद ऋतूच्या आत. कुठे ते ठरलेलं नाही. कोर्दुला रस्त्यात भेटली तर अजून दुसरीकडे बघते.

आता आईला काय सांगायचं ते तू ठरव. काही सांगितलं नाहीस तरी मी समजेन.

उर्बान


लिंडनबाख
१० ऑगस्ट १७८३

उर्बान,

सगळं सांगितलं. कोर्दुलाचं वाक्यसुद्धा, जे सांगणार नव्हते. तीन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाली, कागद घे, मी सांगते तसं लिही आणि मध्ये तुझी अक्कल घालू नकोस. तेव्हा इथून पुढे आई बोलते आहे.

"उर्बान, बाळा. मी तुला फादर म्हणणार नाही, मला ते तोंडातून निघत नाही. कोर्दुलाचं तुझं तू निस्तर, तिच्या वतीनं माफी द्यायला मी कोण? ती म्हणाली ते खरं आहे. शिकवलं मीच.

पण माझं एक आहे, ते रोझीलासुद्धा माहीत नाही. तुला नेलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला कचेरीत बोलावलं. टेबलावर कागद होता. आम्ही कॅथलिक म्हणून राहू, एवढंच लिहिलं होतं. अधिकारी म्हणाला, सही करा, घर राहील आणि पोर आज संध्याकाळी परत मिळेल. तुझ्या बाबांनी लेखणी उचलली होती. त्यांच्या हातातून ती मी काढून घेतली.

मी पुस्तक ठेवलं आणि तुला सोडलं. अठ्ठावीस वर्षं मी स्वतःला सांगते आहे की बरोबर केलं. म्हणून मला तुझं नाव त्या यादीत हवं होतं. ते असतं तर मला म्हणता आलं असतं, बघा, मोठा होऊन पोरानंही तेच निवडलं. तुझ्या आत्म्याचं भलं व्हावं म्हणून विचारत नव्हते रे. माझ्या जिवाला स्वस्थता हवी होती.

नाही लिहिलंस, बरं झालं. माझ्यासाठी खोटी सही नाही केलीस. तेवढं माझं तुझ्यात राहिलं.

आता ऐक. हेर्मानश्टाटला कॅथलिक देऊळ आहे, मी रोझीकडून चौकशी करवली. घरापासून चालत दीड तास. तुला कुठेतरी पाठवणारच आहेत, तर इथे मागून घे. रविवारी तू तुझी प्रार्थना म्हण, आम्ही आमची म्हणू, आणि जेवायला घरी ये."

एवढंच तिनं सांगितलं. मग भिंतीकडे तोंड करून झोपली. ती कचेरीतली गोष्ट लिहिताना माझा हात थांबला होता, तर म्हणाली, "लिही, लिही."

माझा राग गेलेला नाही. तो जेवणाच्या टेबलावर तुझ्या शेजारी बसेल, तेवढी तयारी ठेवून ये. बदली अशी मागून मिळत नसते, हे मला कळतं. तिला मी ते सांगितलेलं नाही. तू मागून तर बघ.

ताई